उरली

१

रविवारी वडगावच्या गल्लीतले माग बंद असतात. आठवडाभर घराघरांतून चालणारी खडखड थांबली, की गल्लीच्या कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं वाटतं. पण गेले आठ महिने परशरामच्या घरातला एक माग रविवारीही चालायचा. शेजारी काही बोलत नसत. मुलगा गेलेला माणूस हात रिकामे ठेवायला भितो, एवढं सगळ्यांना समजत होतं.

समर्थ चोवीस वर्षांचा होता. निपाणीहून मोटरसायकलवरून येताना तवंदी घाटात खडीवरून गाडी घसरली आणि तो गेला. खरं तर त्या दिवशी निपाणीला जायचं होतं त्याच्या थोरल्या बहिणीला, तेजस्वीला. तिथल्या कॉलेजातून तिचं मार्क्सकार्ड आणायचं होतं. ती हिंडलग्याच्या शाळेत शिकवायची. नेमकी त्याच दिवशी शाळेत तपासणी आली, म्हणून तिनं भावाला पाठवलं. जा की रं, अर्ध्या दिवसाचं तर काम, असं म्हणाली होती. रोज सकाळी डोळे उघडले की हे वाक्य आधी जागं व्हायचं, मग ती.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी समर्थचे तिघं मित्र घरी आले. मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला रविराज, उद्यमबागेत कारखान्यात जाणारा विक्रम आणि एम.एस्सी. करणारी प्रियदर्शनी. या चौघांचा एक खेळ होता. समर्थ गोष्ट सांगायचा आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. कुणी चोर, कुणी वैदू, कुणी लढवय्या. पुढं काय करायचं ते ज्यानं त्यानं सांगायचं आणि ते जमलं की नाही हे वीस तोंडांचा एक फासा ठरवायचा. जंगलं, किल्ले, राक्षस, सगळं समर्थच्या डोक्यातलं. चार वर्षं दर रविवारी, तीन ते सहा, वरच्या माडीत हे चालायचं.

गोष्ट अर्ध्यातच राहिली होती. ती पुरी करावी असं तिघांना वाटत होतं. बोलताना विक्रम सारखा आपल्या चपलांकडं बघत होता. शेवटी प्रियदर्शनी म्हणाली, "आक्का, त्याची वही हाय न्हवं तुमच्याकडं? तुम्ही सांगा गोष्ट. आमी ऐकतो."

तेजस्वी नको म्हणणार होती. पण त्या तिघांनीही आठ महिन्यांत कुणापाशी मन मोकळं केलेलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिनं माडीची किल्ली काढली.

माडी म्हणजे लाकडी फळ्यांची लांबट खोली. एका बाजूला सुताची पोती आणि ताणा गुंडाळायचे जुने बीम, पश्चिमेला एक खिडकी, मधे चटई. सगळे चटईवर गोल बसले. खिडकीजवळची समर्थची जागा कुणी सांगितलं नसताना मोकळी राहिली. थोड्या वेळानं तेजस्वीच्या आईनं, ताराबाईनं, चहा आणला. सवयीनं खेळणाऱ्या चौघांचे चार आणि तेजस्वीचा एक, असे पाच कप आणले होते. ते लक्षात आल्यावर ती क्षणभर थांबली, आणि पाचवा कप तिनं त्या मोकळ्या जागेपुढं ठेवून दिला.

खाली माग चालला की माडीच्या फळ्या थरथरतात. कपातल्या चहावर बारीक वळ्या उठतात. तेजस्वी लहानपणापासून ते बघत आली होती. आताही चार कपांत त्या उठत होत्या.

पाचव्या कपातला चहा मात्र आरशासारखा शांत होता.

२

फळीखाली वासा असेल, तिनं मनाशी म्हटलं. वासा असला की तिथं हादरा कमी बसतो. सगळे गेल्यावर तिनं चटई उचलून पाहिलं. वासा होता, पण तो हातभर पलीकडं. मग तिनं तांब्याभर पाणी आणलं आणि एक पेला चटईभर सगळीकडं ठेवून बघितला. सगळीकडं पाणी थरथरलं. समर्थच्या जागेवर ठेवल्याबरोबर ते थांबलं. तिनं तळवा टेकवून पाहिला. खालून मागाचा आवाज तर येत होता, पण फळी मेल्यासारखी होती.

जुनं लाकूड आहे, कुठं कसं वाकलेलं असेल सांगता येत नाही. ती मुलांना विज्ञान शिकवायची. कारण सापडलं नाही म्हणजे कारण नाही असं नसतं, हे ती दर वर्षी पाचवीच्या वर्गाला सांगायची. तेच तिनं स्वतःला सांगितलं आणि वही उघडली.

समर्थनं सगळे राक्षस नीट लिहिले होते. ताकद किती, वेग किती, कशाला घाबरतो, कशानं मरतो. शेवटचं पान तेवढं अर्धं होतं. वर नाव होतं, 'उरली'. चित्राच्या चौकटीत त्यानं पेन्सिलीनं नुसतं काळं केलं होतं, इतकं दाबून की कागद पलीकडून वर आला होता. खाली चार ओळी.

'ही सावली आहे. हिला अंग नाही. ही मारत नाही, पाठलाग करत नाही. जिथं कुणासाठी जागा मोकळी ठेवलेली असते, तिथं येऊन बसते. बसली की त्या माणसासारखी होत जाते. रोज थोडी.'

त्यापुढं 'हिला घालवायचं कसं' एवढं लिहून एक आडवी रेघ मारली होती. रेघेनंतर काहीच नव्हतं. पान तारखेनिशी होतं. तो निपाणीला गेला त्याच्या आदल्या दिवसाचं.

तेजस्वीनं वही मिटली. भावाच्या अक्षरावरून हात फिरवला तेव्हा तिला रडू आलं आणि त्या रडण्यात ती पेल्यातलं पाणी विसरून गेली.

३

पुढच्या रविवारी गोष्ट उरलीपर्यंत आली. गोष्टीतले तिघं एका पडक्या गढीत शिरले होते आणि आतल्या पंगतीत एक पाट मोकळा होता, असं तेजस्वी सांगत होती. तिला सांगता येत होतं याचंच तिला नवल वाटत होतं.

साडेचार झाले असतील. खिडकीतून ऊन तिरपं येऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं आणि बसलेल्यांच्या सावल्या तिथं लांबल्या होत्या. बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली. रविराजची सावली, प्रियदर्शनीची, विक्रमची, तिची स्वतःची. तिच्या आणि विक्रमच्या सावलीमधे आणखी एक होती.

पोत्यांची असेल. तिनं पोत्यांकडं पाहिलं. ती दुसऱ्या कोपऱ्यात होती. ती सावली फिकट होती, कडा विरलेल्या, धुऊन रंग गेलेल्या कापडासारखी. पण बसलेल्या माणसाचीच. एक गुडघा उभा, त्यावर कोपर, आणि हात कानामागं. समर्थ विचार करताना असाच कानामागं खाजवायचा.

ती बोलायची थांबली. इतरांनीही मग तिकडं पाहिलं. रविराज हसायचा प्रयत्न करत म्हणाला, खिडकीच्या दाराची असेल. उठून त्यानं दार हलवलं. दाराची सावली वेगळी हलली. प्रियदर्शनीनं हळूच आपली पिशवी उचलली. अभ्यास आहे म्हणून ती गेली आणि नंतर परत आली नाही. जाताना जिन्यात तिनं तेजस्वीचा हात धरला होता. "आक्का, ती जागा मोकळी ठेवू नका," एवढंच ती म्हणाली.

पण तेजस्वीला भीती वाटली नव्हती, खरी गोष्ट ती होती. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला खोलीत कुणी कमी आहे असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं आईला सांगितलं. सांगायला नको होतं, हे तिला पुढं कळलं. ताराबाई भाकरी थापत होती. तिनं पीठ लागलेले हात तसेच लुगड्याला पुसले आणि ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेजस्वी शाळेतून आली तेव्हा आई खाली नव्हती. माडीत, भिंतीकडं तोंड करून, मांडीवर हात ठेवून ती बसली होती. ऊन असेपर्यंत ती तिथून उठली नाही. उठली तेव्हा तिच्या तोंडावर जे समाधान होतं ते तेजस्वीला बघवलं नाही, आणि त्याबद्दल आईला काही म्हणवेनाही.

परशराम मात्र माडीत आला नाही. मुलगा गेल्यापासून त्यानं त्या जिन्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. लेकीनं एकदा आडून विचारलं, तर धागा जोडत तो म्हणाला, वर जाऊन काय बघू, तो तर हितं असतोय, आणि कपाळाला बोट लावून त्यानं माग चालू केला.

४

फेब्रुवारी सरत आला तशी सावली ठसठशीत होत गेली. आता केसांचा झुपका ओळखू यायचा, शर्टाची कॉलर कळायची. ताराबाई रोज दुपारी वर जायची. घरात पुन्हा कांदेपोहे व्हायला लागले. तेजस्वीला झोप लागायला लागली. सकाळी डोळे उघडले की छाती हलकी असायची, आणि ती उठून सरळ कामाला लागायची.

एके रविवारी विक्रम समर्थची नक्कल करायला गेला. पूर्वी राक्षस आला की समर्थ एक खास आवाज काढायचा. तो आवाज काढून विक्रम सगळ्यांना हसवायचा. त्यानं तोंड उघडलं आणि तसाच राहिला. कसा काढायचा रं तो, असं त्यानं रविराजला विचारलं. रविराजलाही आठवेना. दोघं जरा हसले. तेजस्वीनं आपल्या मनात तो आवाज शोधला. मिळाला नाही. मग तिनं भावाचा साधा आवाज शोधला, 'आक्का' म्हणून जिन्यातून हाक मारायचा तो. तोही नव्हता. तिथं नुसती शांतता होती, त्या फळीसारखी.

त्या दिवशी गोष्टीतले दोघं उरलीसमोर उभे होते. हिला घालवायचं कसं, असं रविराजनं विचारलं. वहीत लिहिलेलं नाही, असं ती म्हणाली. विक्रम फासा तळहातावर खेळवत बराच वेळ बसला होता. मग त्यानं फासा खाली ठेवला.

"माझा गडी लढत न्हाय," तो म्हणाला. "तो जाऊन तिच्या जागेवर बसतोय."

तेजस्वीनं वही मिटली. आज इथंच थांबू, असं घाईनं म्हणून तिनं दोघांना लावून दिलं. उत्तर बरोबर आहे हे तिला कळलं होतं, म्हणूनच तिला ते नको होतं. भिंतीवरची सावली तशीच बसून होती. ती आता थोडी तिच्याकडं कलली होती.

गुरुवारी घर झाडताना ताराबाई समर्थच्या फोटोपाशी थांबली. हार बाजूला करून तिनं काचेवरून पदर फिरवला, पुन्हा बघितलं. म्हणाली, ह्यो फोटो बरा आला न्हाय, तोंड दुसऱ्याच कुणाचं वाटतंय. तेजस्वी जवळ गेली. फोटो तोच होता. पण तोंड तिलाही ओळखीचं वाटलं नाही. एखाद्या बसमधे समोर बसलेल्या मुलाचं असावं तसं ते होतं. चांगलं, हसरं, परकं.

तेव्हा तिला आपली हलकी छाती आठवली. इथं काहीतरी होतं. रोज सकाळी उठल्याउठल्या आपल्याला एक काहीतरी आठवायचं, दुखायचं, ते काय होतं? पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवावी तशी ती दिवसभर मनातून फिरत राहिली. वर्गात फळ्यावर लिहिताना तिचा खडू थांबला. समर्थ त्या दिवशी निपाणीला कशाला गेला होता, तेच तिला आठवत नव्हतं.

५

शेवटचा तास सोडून ती घरी आली. चार वाजत होते. खाली माग चालू होता, परशराम पाठमोरा उभा होता. ती तशीच जिना चढली.

माडीत आई भिंतीकडं बघून बोलत होती. हळू, लाडानं, तापातल्या पोराशी बोलावं तसं. भिंतीवरच्या सावलीत आता विरलेलं काही नव्हतं. तिच्याशेजारी पडलेली ताराबाईची सावली मात्र फिकी होती. अंगातून ऊन आरपार जावं इतकी.

"आई," तेजस्वी म्हणाली, "त्याचं नाव काय?"

ताराबाईनं मागं वळून पाहिलं. तिचे ओठ हलले. कपाळावर एक बारीक आठी आली. तिनं भिंतीकडं पाहिलं, पुन्हा लेकीकडं पाहिलं. मग ती आठी आपोआप पुसली गेली.

"नाव कशाला लागतंय गं?" ती म्हणाली. "बसलाय की."

आई मधे येईल म्हणून तेजस्वी धावली नाही, नुसती चालत गेली, आणि चटईवरच्या त्या मोकळ्या जागेत जाऊन बसली.

बसल्याबरोबर अंगाला लागणारी फळ्यांची थरथर थांबली. मागाचा आवाज लांब, दुसऱ्या गल्लीतून आल्यासारखा झाला. समोर भिंतीवर तिची सावली पडायला हवी होती. तिथं तीच दुसरी होती, कानामागं हात ठेवलेली. तेजस्वीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. सावलीचा हात कानामागंच राहिला.

मग तो हळूहळू खाली आला. आणि सावलीनं मान वळवली. सावलीला पुढं-मागं नसतं, तरी ती वळली हे तेजस्वीनं पाहिलं. त्यात समर्थचं काही नव्हतं. राग नव्हता, दुःख नव्हतं. कुणीतरी फार दिवसांनी पोटभर जेवून स्वस्थ बसलेलं, आणि अजून वाढतील म्हणून थांबलेलं, एवढंच तिला दिसलं. पापणी लवायच्या आत दिसलं तेवढंच.

ताराबाई तिला ओढत होती. ऊठ तिथनं, त्याची जागा हाय ती, असं म्हणून दंडाला धरून हिसडत होती, नंतर नुसती रडत होती. तेजस्वी उठली नाही. उठावं असं तिला फार वाटलं. पुन्हा कधी सोबत मिळणार नाही हेही कळत होतं. डोळे मिटून ती भावाचं नाव घेत राहिली, कारण तेवढंच तिच्यापाशी शिल्लक होतं. समर्थ. समर्थ. समर्थ परशराम.

कधीतरी तिच्या मांड्यांखाली फळी थरथरायला लागली. तिनं डोळे उघडले. ऊन शेजारच्या टाकीमागं गेलं होतं आणि भिंत नुसती भिंत होती. आई तिच्या पायाशी पडून झोपली होती, भूक भागल्यावर लहान मूल झोपतं तशी.

६

गेलेलं परत येईल असं तेजस्वीला वाटलं होतं. आलं नाही. आवाज आला नाही, फोटोतलं तोंड ओळखीचं झालं नाही. विक्रम आणि रविराजला ती भेटली. त्यांनाही आपण माडीत चार वर्षं काहीतरी खेळत होतो एवढंच आठवत होतं. मोकळ्या जागेवर तिनं सुताची दोन पोती ओढून ठेवली आणि खाली बापाकडं गेली.

परशराम धोट्यात घालायची सुताची कांडी भरत होता. ती त्याच्याजवळ खाली बसली आणि सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. खरं मानलं की नाही तेही सांगितलं नाही. माग मात्र बंद केला.

"आप्पा, तुम्ही वर आला न्हाईत," ती म्हणाली. "तुमच्यापाशी सगळा हाय तो. मला सांगा. काय गाळू नका."

तो सांगायला लागला. बोलणारा माणूस नव्हता, त्यामुळं जुळवून सांगत नव्हता; एक आठवलं की दुसरं. समर्थ जन्मला तेव्हा दोन दिवस रडला नाही म्हणून दवाखान्यात सगळे घाबरले होते. त्याला वांगं आवडायचं नाही. शहापूरच्या शाळेत कानडीच्या पेपरात त्यानं उत्तरांऐवजी घोडा काढून दिला होता. तेजस्वी ऐकत होती. दुसऱ्याच्या घरातल्या मुलाबद्दल ऐकावं तसं ते होतं, तरी ती एकेक गोष्ट नीट धरून ठेवत होती.

मग तिनं विचारलं, तो त्या दिवशी निपाणीला का गेलता.

परशरामनं तिच्याकडं बघितलं. कामाला गेलता, असं म्हणून त्याला सोडून देता आलं असतं. त्याच्या तोंडावर ते येऊनही गेलं. पण लेकीनं गाळू नका म्हटलं होतं.

"तुझं मार्क्सकार्ड आणायला, बाळ," तो म्हणाला. "तुझ्या शाळेत तपासणी होती. तू म्हणालीस, जा की रं. तो हासत गेला."

तेजस्वीनं दोन्ही हात छातीवर दाबून धरले. दुखलं. आठ महिने दुखत होतं तसंच, त्याच जागी. ती ओणवी होऊन रडायला लागली, आणि परशराम तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. मी सांगायला नको होतं, असं तो पुटपुटला. ती मान हलवत होती. असूं दे, असूं दे, एवढंच तिला म्हणता येत होतं.

ताराबाई जिन्यावरून उतरून केव्हाची मागाला टेकून उभी होती. तिनं घोड्याची गोष्ट ऐकली होती, वांग्याची ऐकली होती. तोंडावर हळहळ होती, शेजारच्या गल्लीतली बातमी ऐकून येते तशी.

"लई गुणाचं पोरगं होतं म्हणायचं," ती म्हणाली. "कुणाचं हो?"

परशरामनं सरकून तिला आपल्याजवळ बसायला जागा केली.

"आपलं," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.